एकेचाळीस हिरव्या साड्या

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५
मुलुंड

सोमवारी शिंपली बाहेर पडणार. दीड वर्ष ऑफिस सांभाळून लिहिलेला प्रोग्राम, आणि आज सकाळपासून मी फक्त त्याच्या चिन्हाचा निळा रंग बदलत बसले आहे. सौरभ म्हणाला, "कल्पिता, निळ्याचे एकोणीस प्रकार पाठवलेस. मला सगळे सारखेच दिसतात यार." सौरभ ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, बोरीवलीला राहतो आणि शिंपलीचा अर्धा कोड त्याचा आहे. म्हणून त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

शिंपली म्हणजे कॉम्प्युटरवरचे फोटो नीट लावून ठेवणारा प्रोग्राम. लिनक्सवर चालतो, फुकट आहे, कोड सगळ्या जगाला उघडा आहे. असे प्रोग्राम खूप आहेत, पण जुन्या मशीनवर ते उघडेपर्यंत माणसाचा चहा निवतो. आमचा बारा वर्षांच्या मशीनवरही टुणकन उघडतो. फुशारकी मारायला आमच्याकडे एवढं एकच आहे.

खरं कारण इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. मी तो मथुराआत्यासाठी लिहिला. तिची मुलगी रोशनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं चार दिवसांत गेली. घरातले फोटो कायम तीच काढायची, त्यामुळे ती स्वतः फोटोंत नाहीच. भिंतीवर हार घातलेला आहे तो ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात ती रांगेत उभी राहून वैतागल्यासारखी दिसते. चांगला फोटो एकच, तिच्या भावाच्या, कृणालच्या हळदीतला. पोपटी साडी, मागे झेंडूचा पडदा, आणि बाई तोंड उघडं टाकून हसतायत. आत्या रोज पहाटे घाटकोपरच्या मार्केटला निघण्याआधी कॉम्प्युटर लावते, त्या फोटोला "येतंय गो" म्हणते आणि मासळीची पाटी उचलते. आधी तो फोटो उघडायला तीन मिनिटं लागायची आणि आत्याचा टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत राहायचा. आता चार सेकंद लागतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

दिवसभर माहुलला, आत्याकडे. उद्यासाठी व्हिडिओ काढायचा होता आणि सौरभची कल्पना अशी की सगळ्यात मरतुकड्या मशीनवर प्रोग्राम पळवून दाखवायचा. आत्याकडच्या मशीनहून मरतुकडं माझ्या ओळखीत दुसरं नाही. माझंच आहे ते, कॉलेजातलं.

सगळं झकास पळालं. घोडं अडलं ते 'सारखे फोटो शोधा' या बटणापाशी. शिंपली प्रत्येक फोटोचा नखाएवढा, करड्या रंगाचा ठसा बनवते आणि ठसे जुळवून बघते. जुळले की त्यातला सगळ्यात मोठा फोटो ठेवते, बाकीचे काढून टाकते. आज आत्याच्या मशीनवर तिला सारखे फोटो मिळाले फक्त बारा. व्हिडिओत बारा काय दाखवायचे? मी जुळवणी थोडी सैल केली. मग आणखी थोडी. दोनशे चौदा मिळाले. 'काढून टाका' दाबलं आणि आकडा सरसर खाली आला, बघायला मजा वाटली. आम्ही फोटो कचरापेटीत न टाकता थेट पुसतो. आत्याचे फोटो वेगळ्या डिस्कवर आहेत, तिथून कचरापेटीत हलवायला फार वेळ जातो. हलकं म्हणजे हलकं.

आत्या दारात बोंबील साफ करत बसली होती. आत डोकावून म्हणाली, "झायला का गो तुझा शिनेमा? आता जेव." मांदेली तळली होती. मी अकरा खाल्ली.

सोमवार, १० नोव्हेंबर

बाहेर पडली! सकाळी साडेनऊला. दुपारपर्यंत चारशे जणांनी उतरवून घेतली. जर्मनीतल्या कोणीतरी लिहिलं की इतका नीटनेटका कोड बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. सौरभनं ऑफिसात सामोसे वाटले आणि साहेबांना कारण वाढदिवस सांगितलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

एकोणीसशे! व्हिडिओतला तो आकडा सरसर उतरतानाचा तुकडा लोक एकमेकांना पाठवतायत.

सकाळी साडेसहाला आत्याचा फोन. "रोशनी उघडत नाय गो. तितं तूच दिसतंस." मी अर्धवट झोपेत. म्हटलं, आत्या, बंद करून चालू कर. बरं म्हणाली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काल आत्याचे दोन फोन घ्यायचे राहिले. आज मी केला तर म्हणाली, काय नाय, सावकाश ये. शनिवारी जाईन.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसरीकडे कुठे सांगणार?

माहुलला पोचले तर आत्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसली होती, हात मांडीत. मी हळदीचा फोल्डर उघडला. आमच्या कोळ्यांत हळदीला घरच्या सगळ्या बायका एकसारखी साडी नेसतात, एकाच ताग्यातली. कृणालच्या हळदीला आम्ही एकेचाळीस जणी होतो. फोटोग्राफरनं प्रत्येकीला त्याच झेंडूच्या पडद्यासमोर, त्याच पाटावर उभं केलं होतं. सगळ्यांचे अंबाडे सारखे, गजरे सारखे, खांद्यावरचा पदरसुद्धा एकाच बाजूला. नखाएवढ्या करड्या ठशात आम्ही सगळ्या एकच बाई.

शिंपलीनं त्या एकेचाळीस जणींतली एक ठेवली होती. ती मी. माझा फोटो आकारानं मोठा निघाला म्हणून.

मला पाच मिनिटांत कळलं. प्रोग्राम नोंद ठेवतो: रविवार, नऊ नोव्हेंबर, अकरा वाजून बावीस मिनिटं, दोनशे चौदा फोटो पुसले. ते बटण मी दाबलं होतं, अंगठा दाखवून, व्हिडिओ चालू ठेवून. दुसरी प्रत नाही. हळदीची पेनड्राइव्ह मीच इथे उतरवली आणि कृणालला परत दिली होती, त्यानं बोटीवर नोकरीला जाताना तीत सिनेमे भरले. फोटोग्राफरनं धंदा बंद करून गाव गाठलं. बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून ऑफिसात लोकांच्या मागे लागणारी मी!

मी तोंड उघडणार एवढ्यात आत्या म्हणाली, "माझे हातशीच झायला गो. सोमवारी सकाळी घाईत होतं. हात ओला होता. कायतरी दोनदा दाबला."

सोमवारी. मशीनवर सगळं रविवारीच संपलं होतं.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होतं असं आत्या. नवीन माणसाकडून होतं."

हेच शब्द. मी बोलले ते. ती मान हलवत राहिली आणि मी तिच्या हातचा चहा प्याले, बिस्किट बुडवून. रडली नाही ती. मला वाटलं, बरंच सावरली आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज सांगणार होते. पण फोनवर कसं सांगायचं? आणि रिलीजला आठवडासुद्धा झालेला नाही. पुढच्या रविवारी समोर बसून सांगेन.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सौरभलाही सांगितलं नाही. त्यानं विचारलं, चेहरा का उतरलाय? म्हटलं, ॲसिडिटी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गिल्बर्ट अंकलचा फोन. हे बोरीवलीचे, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या जुन्या गावठाणातले. छापखान्यातून निवृत्त झाले आणि वेळ जात नाही म्हणून लिनक्स शिकले. शिंपली सगळ्यात आधी वापरून बघणाऱ्यांत ते होते. स्पेलिंगच्या चुकासुद्धा वहीत लिहून पाठवतात.

"पोरी, तुजा व्हिडिओ दोन मिन्टं चाळीस सेकंदावर थांबव."

मी थांबवला.

"किती बाया दिसतान तुला?"

स्क्रीनवर एक ओळ होती, सहा लहान चौकोन. पोपटी, पोपटी, पोपटी. पाचवा रोशनीचा. तोंड उघडं.

"सहा," मी म्हटलं.

"तुजे प्रोग्रामला एकच दिसते. मना माजे बायकोनं, बेलानं दाखवला. ती म्हनते, आमचे लग्नात पन बाया एकसारक्या लुगड्यांत उब्या ऱ्हातात, त्या काय एकच बाय असतान काय? मी म्हटला, पोरगी कोली हाय, तिला ठावं नसंल काय?"

मला ठाऊक होतं. त्या ओळीत मी स्वतः होते. इतक्या माणसांनी तो व्हिडिओ पाहिला आणि टाळ्या वाजवल्या, त्यांना एकसारख्या साड्यांची काय कल्पना? मला होती. बोरीवलीतल्या बेला आंटीला शिवणमशीनवरून मान वर करून जे दिसलं, ते मला माझ्याच भावाच्या हळदीत दिसलं नाही, कारण मी आकडा बघत होते.

अंकल हळूच म्हणाले, "ते फोटो कोनाचे व्हते?"

मी म्हटलं, घरचेच. प्रती आहेत.

आणखी एक खोटं. आता सवय लागतेय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नाशिकच्या एका शिक्षकांचा मेल आला. वर्गातल्या मुलांचे एकेकटे फोटो काढले होते, सगळी एकाच गणवेशात, एकाच फळ्यासमोर. छत्तीस मुलं होती, चार राहिली. त्यांच्या मोबाइलात प्रती होत्या म्हणून निभावलं.

सौरभला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आत्याचं सोडून. त्याचा चेहरा पांढरा झाला. म्हणाला, "रिलीज मागे घेऊ. चूक दोघांची आहे, खाली दोघांची नावं टाकू." ते बटण काढलं, कचरापेटी परत जोडली, आणि तासाभरात मी इंग्रजीत लांबलचक जाहीर माफीनामा लिहून टाकला. जुळवणी मी सैल केली, का केली, कोणासाठी केली, काही लपवलं नाही.

संध्याकाळपर्यंत तीनशे जणांनी त्याचं कौतुक केलं. किती प्रामाणिक! अशी माणसं हवीत! एका कंपनीनं नोकरीसाठी विचारलं.

ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत त्या सगळ्यांना मी खरं सांगितलं. मला आज स्वतःची किळस आली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कृणालचा बोटीवरून मेसेज. "आईनं हळदीचे फोटो उडवले म्हणे. जाम झापलंय तिला. परत मशीनला हात लावू देऊ नकोस. दीड वर्ष झालं तुम्ही शिकवताय आणि अजून तेच."

मी उत्तरात अंगठा पाठवला. मग तो पुसला. पण त्यानं पाहिला होता.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी माहुलला जाऊन डिस्क काढून आणली. आत्याला म्हटलं, प्रयत्न करून बघते. तिनं मशीनवर जुनी ओढणी टाकून ठेवली होती. "ने. सगलाच ने. मना नको ता आता." घर इतकं आवरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. डबेसुद्धा ओळीनं घासून ठेवलेले. मी म्हटलं, वा आत्या. ती फडकं घेऊन ओटा पुसायला लागली.

बोरीवलीला सौरभच्या घरी दुपारभर बसलो. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो खाली असतो. दोनशे चौदांपैकी एकशे तीस परत आले. झाडं, होड्या, नारळी पौर्णिमेची मिरवणूक, कोणाचं तरी बारसं. हळदीच्या बायकांपैकी एकही अख्खी आली नाही. त्या जागेवर दुसरी फाइल बसली होती. सौरभनं तिचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

आमचा व्हिडिओ. त्या दिवशी मशीनच्या मुख्य डिस्कवर जागा नव्हती म्हणून मी तो फोटोंच्या डिस्कवर साठवला होता.

रोशनीच्या फोटोचा वरचा पट्टा तेवढा मिळाला. झेंडूची फुलं, गजरा, भांग, कपाळ. भुवयांपाशी तो संपतो. खाली सगळं करडं.

सौरभला मग आत्याचंही सांगितलं. त्यानं डिस्क काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "तू अजून तिला सांगितलं नाहीयेस?" एवढंच. उद्या जाते.

रविवार, २३ नोव्हेंबर

सांगितलं.

आत्या ओट्यावर भांडी पुसत होती. मी उभ्या उभ्या बोलून टाकलं. रविवारी मी दाबलं. सोमवारी तू काही केलं नाहीस, तोवर फोटो गेलेलाच होता. मला मागच्या शनिवारपासून ठाऊक आहे.

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "म्हंजे मी नाय?"

"नाही."

"हात ओला होता माझा. दोनदा दाबला मी."

"त्यानं काही झालं नाही आत्या. मी केलं."

"मी नाय?" तिनं पुन्हा विचारलं. मग ती खालीच बसली. मी जवळ गेले तर हातानं थांबवलं. मला वाटलं होतं ओरडेल, एखादी थोबाडीत देईल. मार मी खाल्ला असता, बरं वाटलं असतं.

"आट दिस मी मार्केटात बसून माझे हात बगतंय," ती म्हणाली. "गिऱ्हाइक बोलते ता आयकूच येत नाय. पोरीचा येवढा एकच तोंड हसता होता, ता पन आयशीनं पुसला, असा मना वाटं. आनि तू? इतं बसून चाय पिलीस. बिस्कुट बुडवून."

मी म्हटलं, माफ कर. किती फुसका शब्द आहे हा, तोंडातून निघाल्यावर कळलं.

"कुनालला फोन लाव. माझे समोर सांग त्याला."

लावला. कृणालनं सगळं ऐकलं आणि मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही, पण बरोबर होती. मग म्हणाला, आईला दे. आत्यानं फोन कानाला लावला. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती फक्त म्हणाली, "आयकलास ना? मग झायला," आणि फोन मला परत दिला.

मला वाटलं, आता जा म्हणेल. तिनं चपला घातल्या.

"आख्खे आलीत घराघरांत मी सांगितलाय, माझे हातशी झायला म्हनून. चल. तू सांग आता."

आणि मी तिच्यामागून निघाले. पहिलं घर श्रुतिकाचं, कृणालच्या चुलत बहिणीचं. दारात उभं राहून मी सांगितलं, प्रोग्राम कसा आहे, मी काय दाबलं, आत्याचा काही संबंध नाही. श्रुतिका ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझा पण फोटो गेला? मी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होते. तेवढाच एक होता." मी हो म्हटलं. इतक्या दिवसांत बाकीच्या एकोणचाळीस जणींचा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नव्हता.

दुसरं घर, तिसरं घर. प्रत्येकीकडे तेच. कोणाची सासू त्या साडीत होती आणि आता नाही. कोणी म्हणालं, जाऊ दे गो. एकीनं दार लावून घेतलं. आत्या दर वेळी माझ्या शेजारी उभी, हाताची घडी घालून, मी शब्द गाळतेय का ते बघत. चौथ्या घरी मी "चुकून झालं" म्हटलं तर म्हणाली, "चुकून नाय. मोठा आकडा दाखवाचा होता, ता सांग." सांगितलं.

सहाव्या घरी बेबीकाकू, रोशनीला लहानपणी सांभाळणाऱ्या. मी सुरुवात करायच्या आत आत्याच बोलली. "बेबे, मी नाय केला गो. माझे हातशी नाय झायला." काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. आत्याला दंडाला धरून आत घेतलं आणि मी उंबऱ्याबाहेर राहिले.

मग आतून रडणं ऐकू आलं. दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं तसं, अगदी पोटातून. काकू म्हणत होत्या, "आट दिस झायले, तवा का नाय रडलीस गो?" आणि आत्या म्हणाली, "मीच घालवला असा वाटं. मना कुटं तोंड होता रडाला?"

मी तिथे किती वेळ उभी होते ठाऊक नाही. आत जायची माझी हिंमत नव्हती आणि मला कोणी बोलावलंही नाही. मग मी एकटीच पुढच्या घरी गेले आणि कडी वाजवली.